कुंडीतलं लिंबू पिवळं पडतंय, जळगावच्या उन्हात काय करू?

गच्चीवरची (जळगाव) · १४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज स्वतःचंच रडगाणं घेऊन आले आहे.

दिवाळीनंतर एका नर्सरीतून लिंबाचं कलम आणलं. 'बिनबियांचं आहे, बारमाही आहे, वर्षात लिंबं खा' असं सांगून दिलं. दोनेक फूट उंच. काळ्या प्लास्टिकच्या १२ इंची कुंडीत लावलं. माती मामांच्या शेतातली, यावलकडची चांगली काळी कसदार, त्यात निम्मं शेणखत. फेब्रुवारीत फुलं आली, घरभर कौतुक झालं. वाटाण्याएवढी आठ-दहा फळं धरली आणि मार्च संपेपर्यंत एकेक करून सगळी गळाली.

आता नवी पालवी येते तीच पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं पिवळं, जाळी विणल्यासारखं. जुन्या पानांची टोकं करपलीत. मातीवर पांढरी बुरशी धरली आहे, ती मी दर आठवड्याला खरवडून काढते.

खायला कमी पडू देत नाही हो. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाशाचं रासायनिक खत), महिन्याला गांडूळखत, अंड्याची टरफलं कुटून, केळीच्या सालींचं पाणी (जळगावात राहून ते नाही घातलं तर कोणी घालायचं). पाणी रोज संध्याकाळी. आमच्याकडे पाणी वाया जात नाही, आरओतून बाहेर पडणारं बादलीत धरते आणि कूलरची टाकी रिकामी केली की तेही कुंड्यांनाच.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. ज्याच्या फळाने दृष्ट काढायची त्याच झाडाला ती लागली तर उतरवायची कशाने, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

---

कळणाभाकर (धरणगाव) · १४ मे, रात्री ९.५८

मिरच्या बांधा. सात.

---

रेल्वे कॉलनी (भुसावळ) · १४ मे, रात्री १०.३०

ताई, विनोद बाजूला ठेवून सांगतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्याची गच्ची, काळी कुंडी आणि मे महिना, म्हणजे तुम्ही झाड लावलेलं नाही, तव्यावर ठेवलंय. आमच्या भुसावळात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कुंडीच्या बाहेरच्या अंगाला दुपारी हात लावून बघितलाय मी, टेकवत नाही. आणि कुंडीतल्या झाडाची मुळं नेमकी त्या कडेलाच वळसे घालून बसलेली असतात. वरून पाणी दिलं तरी मुळं उकडलेली, ती पिणार कशी?

मी काय करतो ते सांगतो. कुंडी स्लॅबवर थेट ठेवायची नाही, खाली तीन विटा. भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं, शक्य असेल तर मोठ्या रिकाम्या कुंडीत ही कुंडी बसवायची आणि मधल्या फटीत उसाचं पाचट नाहीतर नारळाच्या शेंड्या. कुंडीला बाहेरून चुना मारला तरी फरक पडतो. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, पण ती फक्त ११ ते ४. सकाळ-संध्याकाळचं ऊन लिंबाला पाहिजेच, मिळून सहा तास तरी. पूर्ण सावलीत नेऊन ठेवाल तर झाड जगेल, लिंबू दिसणार नाही.

पाणी सकाळी, सूर्य वर यायच्या आत. आणि नळीने देत असाल तर नळीत साचलेलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या. एकदा मी भर दुपारी घाईत थेट मोगऱ्याला मारलं होतं. चहा झाला असता त्यात.

---

मूळची अमळनेरची (सध्या पुणे) · १५ मे, सकाळी ७.१५

शिरा हिरव्या आणि मधे पिवळं म्हणजे लोह कमी. आमच्या आईचा उपाय: आंबट ताकात गंजका खिळा आठ दिवस बुडवून ठेवायचा आणि ते ताक पातळ करून घालायचं. अंगणातलं लिंबू आजही मस्त आहे.

---

तापीकाठ (चोपडा तालुका) · १५ मे, सकाळी ८.०२

ताकाने काही होत नाही. अंगणातलं झाड आहे म्हणून मस्त आहे, त्याची मुळं पंधरा फूट फिरतात, त्याला ताक घाला नाहीतर सोडा घाला.

कुंडीत काळी माती भरली हीच पहिली चूक. आमची काळी जमीन कापसाला सोनं आहे, पण कुंडीत ती दगड होते. ओली असली की चिकटून बसते, हवा जात नाही. वाळली की आकसते, कुंडीची कड सोडते आणि तुम्ही दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. खालून पाणी आलं म्हणजे झाड प्यालं असं समजू नका. बोटाने दोन पेरं उकरून बघा, वरून चिखल आणि आत कोरडं ढेकूळ सापडेल.

शेतात लिंबू लावतानासुद्धा आम्ही निचरा आधी बघतो. पाणी साचणाऱ्या जागी लिंबाला डिंक्या येतो, खोडातून डिंक गळतो आणि झाड बसतं. तुमच्या खोडाला मातीलगत डिंक आहे का तेही बघा.

---

पांझरा (धुळे) · १५ मे, दुपारी १.२०

सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे. पण कोणी मूळ पोस्टमधली शेवटून दुसरी गोष्ट वाचली नाही वाटतं. त्या आधी तीन प्रश्न.

१. पिवळेपणा नव्या पानांवर आहे की जुन्या?
२. पांढरी बुरशी बोटाने चोळली तर कापसासारखी मऊ लागते की कुरकुरीत, खडूसारखी?
३. जळालेलं टोक कोरडं तपकिरी आहे की भोवती पिवळं कडं असलेले खरबरीत फोड आहेत?

---

गच्चीवरची · १५ मे, संध्या. ६.४५

पिवळी फक्त नवी पानं. फोड नाहीत, टोकं नुसती कोरडी कुरकुरीत. आणि ती बुरशी... आत्ता चोळून बघितली. खडूच आहे. कुंडीच्या बाहेर भोकांजवळही तसाच पांढरा थर आहे, आता लक्ष गेलं. डिंक नाही.

---

पांझरा · १५ मे, रात्री ९.१०

मग ती बुरशी नाहीच, क्षार आहेत. आणि ते तुम्ही स्वतः रोज संध्याकाळी प्रेमाने घालताय.

असं बघा. आपल्या खानदेशातलं बोअरचं पाणी आधीच जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी. ते पाणी आरओत जातं. समजा तीन लिटर आत गेलं आणि एक लिटर गोडं पाणी तुमच्या माठात आलं. तिन्ही लिटरांतले क्षार गेले कुठे? जवळजवळ सगळे उरलेल्या दोन लिटरांत. म्हणजे दीडपट खारट पाणी. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला चालेल, लिंबाला नाही.

कूलरचं त्याहून वाईट. कूलर म्हणजे पाणी उडवायचं यंत्र. दिवसभरात बादल्यांनी पाणी वाफ होऊन जातं, क्षार टाकीतच राहतात, आपण वरून पुन्हा पाणी भरतो, पुन्हा वाफ. चार दिवसांनी टाकीत उरतो तो काढाच असतो. कूलरच्या जाळीवर जो पांढरा दगडासारखा थर बसतो ना, तोच तुमच्या कुंडीत बसलाय. संत्रं, मोसंबी, लिंबू ही सगळी मंडळी क्षारांच्या बाबतीत फार नाजूक. आधी टोकं जळतात, मग पान गळतं. मार्चमध्ये फळं गळाली तेव्हाच कूलर चालू झाला होता का, आठवा.

आता लोहाचं. मातीत लोह नाही असं नसतं. पाण्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी झाली की असलेलं लोह झाडाला उचलता येत नाही. म्हणून नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. नत्र कमी असतं तर जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी झाली असती. मॅग्नेशियम कमी असतं तर जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण राहिला असता. जस्त कमी असलं तर पान बारीक, अरुंद राहतं. तुमच्याकडे चुना जास्त झालाय आणि त्यावर तुम्ही अंड्याची टरफलं, म्हणजे आणखी चुना, घालताय. ती आजच बंद करा. आणि १९:१९:१९ सुद्धा. तेही शेवटी मीठच आहे, आजारी मुळांवर त्याचा भार नको.

---

अहिराणी भो (पारोळा) · १५ मे, रात्री ९.३२

ताई, कूलरनं पानी म्हंजे निस्तं मीठ शे. मन्ही माय बी आसंच करे, तुळस जळी गयी.

---

गच्चीवरची · १७ मे, सकाळी १०.०५

भावाच्या ऑफिसातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर उसनं आणलं. बसा.

बोअर: ८६०
आरओचं बाहेर पडणारं: १,२४०
कूलर, तीन दिवस टाकी न बदललेली: २,७१०

सासूबाईंना आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, 'मी म्हटलं नव्हतं, काहीतरी लागलंय.'

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कूलर माळ्यावरून काढून चालू केला होता. पांझरा, तुम्हाला काय म्हणावं.

आता काय करू? कुंडी बदलू का?

---

तापीकाठ · १७ मे, दुपारी १२.४०

मे महिन्यात कुंडी बदलायची नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, अजून यायचाय. मुळं हलवली की झाड हातचं गेलं. पहिला बरा पाऊस पडून हवा थंड होऊ द्या, आषाढात बदला. तोवर जगवा फक्त.

---

पांझरा · १७ मे, दुपारी ३.३०

तापीकाठ दादांशी सहमत. तोवर कुंडी धुवा. म्हणजे बाहेरून नव्हे, आतून.

एसीचं पाणी मिळेल का? शेजारी एसी असेल तर त्याची नळी बादलीत सोडा. ते हवेतली वाफ थिजून आलेलं पाणी, क्षार जवळपास नसतातच. नसेल तर महापालिकेचं नळाचं पाणी, ते बोअरपेक्षा बरं असतं. तुमच्या कुंडीत १५ लिटर माती धरली तर ३० लिटर पाणी लागेल, पण एकदम ओतू नका. वरचा पांढरा थर आधी इंचभर मातीसकट काढून टाका. काडीने मातीला चार-पाच भोकं पाडा, म्हणजे कडेच्या फटीतून पळणार नाही. मग तांब्या-तांब्याने, सकाळी दोन तासांत, निवांत. खाली बशी असेल तर काढा. निघालेलं पाणी पुन्हा झाडाखाली साचलं तर केलेलं सगळं वाया.

एकदाच. रोज नाही. त्यानंतर बोटाने दोन पेरं तपासून, कोरडं लागलं तरच पाणी.

लोहासाठी दुकानात चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) मागा, पण पुडीवर 'ईडीडीएचए' लिहिलेलं बघून घ्या. 'ईडीटीए'वालं स्वस्त मिळतं, ते आपल्या चुनखडी मातीत घातलं तर टिकत नाही, त्याची फवारणी फार तर चालेल. पुडीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त घालू नका. जास्त घातल्याने लवकर हिरवं होत नाही, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून ऐका, मी एक मोसंबी त्यातच घालवली आहे.

---

मूळची अमळनेरची · १७ मे, दुपारी ४.१०

म्हणजे ताकाचा अगदीच उपयोग नाही?

---

पांझरा · १७ मे, दुपारी ४.२५

आंबट असतं, लोह थोडं विरघळतं, त्यामागे अक्कल आहे. पण किती विरघळलं त्याला माप नाही, आणि कुंडीत ताक ओतलं की मुंग्या आणि वास. ताक प्यावं. वर लिंबू पिळू नये.

---

रेल्वे कॉलनी · १७ मे, रात्री ८.५०

आमच्या शेजारच्या काकूंना 'लिंबाच्या झाडाचं काय करू' विचारलं तर त्यांनी अर्धा तास पाला कसा वाळवून धान्यात ठेवायचा ते सांगितलं. कडुनिंबाचं बोलत होत्या. ताई, तुम्ही दुसऱ्या कुठे विचारणार असाल तर लिंबू म्हणा, लिंब म्हणू नका.

---

गच्चीवरची · २९ जून, रात्री १०.१५

झाड जिवंत आहे!

खालच्या मजल्यावरच्यांच्या एसीचं पाणी महिनाभर आणलं, रोज दोन बादल्या, जिन्यावरून. त्यांना वाटतं मला काहीतरी झालंय. गोणपाट, विटा, जाळी सगळं केलं. नवतप्यात आठ पानं गळाली, पण टोकाला नवी पालवी आली ती पोपटी आहे, पिवळी नाही. दोन पावसांत कुंडी उघड्यावर ठेवली, पांढरा थर गेला.

आता माती बदलते. प्रमाण सांगा.

---

तापीकाठ · ३० जून, सकाळी ७.३०

दोन घमेली पोयटा (गाळाची माती) किंवा लाल मुरमाड माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं भरड वाळू, दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती हातभर लांब ठेवा. शेणखत हातात घेऊन वास घ्या, शेणाचा वास आला तर ते अजून शेण आहे, खत नाही. कच्चं घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उष्णता, दोन्ही.

कुंडी १६ किंवा १८ इंची घ्या, एकदम मोठा ड्रम नको. तळाची भोकं खापराच्या तुकड्याने झाका, बुजवू नका. जुना मातीचा गड्डा सगळा झटकू नका, कडेने सैल करा, गोल फिरलेली मुळं असतील ती कात्रीने कापा. आणि कलमाचा जोड मातीच्या वर चांगला चार बोटं राहू द्या. हे विसरू नका. जोड मातीत गेला की पुढे पस्तावाल.

लावल्यावर आठ दिवस सावलीत. खत दीड महिना काही नाही.

---

कळणाभाकर · ३० जून, सकाळी ९.००

दादा, तुमच्याकडे लिंबं किती?

---

तापीकाठ · ३० जून, सकाळी ९.४५

बांधावर चाळीस. साई सरबती, राहुरीच्या विद्यापीठाचं वाण. ती रोपं बियांचीच आहेत. कागदी लिंबाचं बी लावलं तरी बहुतेक झाडं आईसारखीच निघतात, आंब्यासारखा जुगार नाही, पण फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. ताईंचं बिनबियांचं आहे, ते कलमच असणार, बीच नाही तर रुजवणार काय. खाली बहुतेक जंबेरीचं, म्हणजे खडबडीत रानटी लिंबाचं मूळ.

लिंबाला आमच्याकडे तीन बहार, म्हणजे फुलं धरायचे तीन हंगाम. मृगाचा, हस्ताचा आणि अंबियाचा. हस्ताचा धरला तर उन्हाळ्यात लिंबू हातात येतं, भाव तेव्हाच असतो. त्यासाठी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, आणि पावसाळ्यात ताण द्यायचा कसा हे देवालाच माहीत. कुंडीवाल्यांनी ताणाच्या फंदात पडू नये. फुलं येतील तेव्हा येतील. पहिल्या वर्षीची फळं तर मी म्हणतो स्वतःच तोडून टाका, झाड आधी वाढू द्या.

---

गच्चीवरची · २१ जुलै, दुपारी २.३०

कुंडी बदलली, आठ दिवस सावलीतही ठेवली. सगळं छान चाललं होतं. आज बघते तर चार पानांचे नुसते देठ. आणि पानांवर चिमणीची विष्ठा. इथे चिमण्या कुठे आल्या?

---

पांझरा · २१ जुलै, दुपारी २.५०

काडीने हलवून बघा ती विष्ठा.

---

गच्चीवरची · २१ जुलै, दुपारी ३.०५

ईईई. चालली ती! डोक्यातून लाल शिंगं काढली आणि काय तो वास!

---

पांझरा · २१ जुलै, दुपारी ३.२०

लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी पाखराच्या विष्ठेचं सोंग घेते, मोठी झाली की हिरवीगार होऊन पानात मिसळते. एका झाडाला फवारणी करत बसू नका, सकाळी हाताने वेचा, पानांच्या टोकांना पिवळसर मोत्यासारखी सुटी अंडी दिसतील तीही पुसून टाका. फारच झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर करा, चिमूटभर साबण. आत्ता निंबोळ्यांचाच हंगाम संपतोय, गोळा करून वाळवून ठेवा.

पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती वेगळी, नागअळी. तिने पान वाकडं होतं, झाड मरत नाही. पण पावसाळ्यात त्या जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. ते मी विचारलेले खरबरीत फोड, पिवळं कडं असलेले, ते खैऱ्याचेच. दिसले तर ती फांदी कापून जाळायची आणि १ टक्का बोर्डो मिश्रण मारायचं. १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी नको. तयार झाल्यावर चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.

---

मूळची अमळनेरची · २१ जुलै, संध्या. ५.४०

शेवटी खिळा लागलाच.

---

गच्चीवरची · २१ जुलै, रात्री ८.३०

अळ्या वेचल्या, अकरा निघाल्या. मुलाने दोन बरणीत ठेवल्या आहेत, फुलपाखरू बघायचंय म्हणतो. त्यांना खायला रोज माझ्याच झाडाची पानं जातात.

---

गच्चीवरची · १८ ऑगस्ट, सकाळी ११.२०

आनंदाची बातमी. एक फांदी अशी सुटली आहे की विचारू नका, पंधरा दिवसांत सव्वा फूट. सरळ वर, पानं गडद, काटे हे एवढे. बाकी झाडही हिरवं आहे पण ही वेगळीच जोमाची आहे. आता त्यावर फुलं कधी येतील?

---

तापीकाठ · १८ ऑगस्ट, दुपारी १२.०५

ताई, ती फांदी कुठून निघाली आहे? जोडाच्या वरून की खालून?

---

गच्चीवरची · १८ ऑगस्ट, दुपारी १२.३०

...खालून. मातीपासून दोन बोटांवर.

---

तापीकाठ · १८ ऑगस्ट, दुपारी १२.४०

तो पानसोट आहे. खालच्या जंबेरीचा. त्याला फुलं आली तरी फळ जाड सालीचं, खडबडीत येईल, आणि तोवर तो वरच्या कलमाचं सगळं खाऊन टाकेल. नर्सरीवाल्याने दिलेलं लिंबू मरतं आणि घरचे म्हणतात बघा, झाड किती वाढलं. आजच मुळापासून काढा. कात्रीने अर्धवट नाही, बगलेतून, डोळा राहता कामा नये.

---

अहिराणी भो · १८ ऑगस्ट, दुपारी १.१०

नई काढं ते वरलं लिंबू गयं समज.

---

गच्चीवरची · १८ ऑगस्ट, संध्या. ७.००

काढला. हात थरथरत होता.

सासूबाईंनी मात्र फेकू दिला नाही. 'एवढी जिवाची फांदी' म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यात खोचली आहे आणि वरून पाणी घातलंय. कुठलं घातलं विचारलं, तर कूलर अजून माळ्यावर टाकला नाही, त्याच्यातलं होतं.